राळेतली मुंगी

शब्द नोंदवून ठेवला म्हणजे भाषा टिकते का, हा प्रश्न साहित्य शिकवताना मला वारंवार पडतो. त्याचा विचार करताना हल्ली एक मुंगी आठवते.

'ओइकोफिला ब्रिश्केई' ही मुंग्यांची नामशेष जाती. बाल्टिक किनाऱ्यावरच्या अंबरात, म्हणजे सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी झाडातून ओघळून पुढे अश्मीभूत झालेल्या राळेत, ती सापडते. गुस्ताव मायर या ऑस्ट्रियन अभ्यासकाने 1868 मध्ये तिचे वर्णन केले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूगर्भात मुंगी शोधणे व्यर्थ आहे. चंद्रपूरचा कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना. सिरोंचा तालुक्यातील वडधमची अश्मीभूत झाडे जुरासिक काळातली. मुंग्यांचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म मात्र सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचे. इथली जमीन मुंगीहून वृद्ध आहे. मुंगी भेटते ती वर, झाडावर.

ब्रिश्केईच्याच कुळातली तांबडी मुंगी या जंगलांत आजही घरटी शिवते. अनेक जणी एकमेकींची कंबर धरून साखळी करतात, पानांच्या कडा जवळ ओढतात. मग काही जणी आपल्याच अळ्या तोंडात धरून इकडून तिकडे फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशीम सुटते आणि पाने जोडली जातात. अळी हाच त्यांचा धोटा. भामरागडकडच्या माडिया घरांत या मुंग्यांची चटणी होते. पलीकडे बस्तरात तिला 'चापडा' म्हणतात. मी ती खाल्ली आहे. लिंबासारखी आंबट चव असते ती मुंगीतल्या आम्लाची.

अंबराने ब्रिश्केईचे सांधे, मिशा, जबडे सारे जपले. पण राळेत सापडते ती वाट चुकलेली एखादी. साखळी, धागा, घरटे तिच्यासोबत येत नाहीत; तिच्या विणकामाचा तर्क आपण तिच्या जिवंत नातलगांवरून करतो. उद्या ही तांबडी मुंगीही नाहीशी झाली, तर अंबरातला तो सुबक देह वाचायचा कशाच्या आधारे?

माडिया शब्दांच्या याद्या पाहताना माझ्या मनात हेच येते. याद्या हव्यातच, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण घरटे शिवणाऱ्या मुंग्यांना हाक मारणारा शब्द ज्या तोंडी आहे, ते तोंड आणि ज्या झाडाकडे पाहून तो उच्चारला जातो, ते झाड, ही दोन्ही उरली तरच यादीतला शब्द वाचता येईल.