लिमातला सोमवार

सांगलीला माहेरी गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. "काय ग, तुमच्या पेरूत पेरू मिळतात का?" विचारणारा स्वतःच हसतो आणि अकरा वर्षांनंतरही मी त्याला साथ देते. मिळतात, पण तिथे त्यांचे नाव 'ग्वायाबा'. आपला 'पेरू' हा शब्द पोर्तुगीजांच्या नासपतीवाचक 'पेरा' या शब्दावरून आला, असे सांगतात. त्या देशाची जगाला खरी देणगी आहे ती बटाट्याची. अँडीज पर्वताच्या उतारांवर हजारो वर्षांपासून त्याची लागवड होते. त्याच्या तीन हजारांहून अधिक जाती एकट्या पेरूत आहेत आणि राजधानी लिमा येथे बटाट्याच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था १९७१ पासून काम करते आहे. कंदमुळे उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या घरातील सून नेमकी त्याच देशात संसार करायला गेली, हा योगायोग माझ्या सासूबाईंना अजूनही पचलेला नाही.

२०१४ साली यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही लिमाला आलो. भारतातून येणारे सुती सूत तेथील गामार्रा नावाच्या अफाट कापडपेठेत विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे त्यांचे काम. लिमा हे वाळवंटात, समुद्रकाठी वसलेले कोटभर वस्तीचे शहर. पाऊस जवळजवळ नाहीच. जून ते ऑक्टोबर आकाश इतके करडे असते की लोक त्याला 'गाढवाचे पोट' म्हणतात. भाषा येत नव्हती, शेजार नव्हता. पहिल्या हिवाळ्यात त्या आकाशाखाली मी पुष्कळदा रडले. शहराशी माझी ओळख झाली ती मंडईतून.

लिमाच्या मंडईत विक्रेती आणि गिऱ्हाईक दोघीही एकमेकींना 'कासेरा' म्हणतात, लाडाने 'कासेरिता'. एकदा हे नाते जडले की भाव थोडा कमी म्हणून दुसऱ्या गाळ्यावर जायचे नसते. त्या बदल्यात सौदा झाल्यावर ती तुमच्या पिशवीत वर काहीतरी टाकते. त्याला 'यापा' म्हणतात; शब्द मूळचा केचुआ भाषेतला. माझी कासेरा नेमकी बटाटेवाली निघाली. बटाट्याच्या राशींच्या एका कडेला ती शेंगा, पालेभाजी आणि कडधान्ये ठेवी. पहिल्याच दिवशी तिने यापा म्हणून दोन पिवळे बटाटे पिशवीत टाकले आणि मी ते परत केले. तिचा चेहरा उतरला. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मी सांगितले, की जमिनीखालचे आम्ही खात नाही. ते उपटताना फार जीव जातात. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बिचारी!" त्या दिवसापासून माझा यापा म्हणजे कोथिंबिरीची जुडी.

कासेरा मूळची आयाकुचो प्रांतातील. १९८४ मध्ये, दहा वर्षांची असताना, आईवडिलांबरोबर लिमाला पळून आली. एका बाजूला 'सेंदेरो लुमिनोसो'चे बंडखोर, दुसऱ्या बाजूला लष्कर, आणि मध्ये डोंगरातली केचुआ बोलणारी गावे. सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्या दोन दशकांत सुमारे ६९,००० माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांतील चारांपैकी तिघांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी आदिवासी भाषा होती. तिचे दोन काका त्यांपैकी.

पैशाचा विषय निघाला की ती १९९० सालाकडे वळते. तेव्हाचे चलन 'इंती'. त्या एका वर्षात महागाई ७,००० टक्क्यांच्या वर गेली होती. वडिलांची मजुरी हातात पडली की आई धावत जाऊन तांदूळ-तेल घेई, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदललेला असे. ८ ऑगस्टच्या रात्री अर्थमंत्र्यांनी दूरचित्रवाणीवरून नवे दर जाहीर केले. १,२०,००० इंतींचा दुधाचा डबा उद्यापासून ३,३०,००० इंतींना मिळेल, हे सांगून त्यांनी देवावर भार टाकला आणि भाषण संपवले. पुढच्या वर्षी दहा लाख इंती मोडून एक 'नवा सोल' आला. लोकांना त्या काळाचा इतका धसका बसला आहे की आजही कित्येक घरांची भाडी डॉलरमध्ये ठरतात आणि जाकीट घातलेले सराफ भर रस्त्यात नोटा मोजत उभे असतात.

मात्र सोल टिकला. १९९३ च्या राज्यघटनेने मध्यवर्ती बँकेला सरकारला कर्ज देण्याची मनाई केली. महागाई एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हे तिचे उद्दिष्ट, आणि २००६ पासून तिच्या अध्यक्षपदी हुलिओ वेलार्दे हे एकच गृहस्थ आहेत. राष्ट्राध्यक्षांचे मात्र उलट. एकशे तीस सदस्यांच्या संसदेत सत्त्याऐंशी मते मिळाली, की 'कायमची नैतिक अक्षमता' या राज्यघटनेतील मोघम कलमाखाली राष्ट्राध्यक्षांना घरी पाठवता येते. त्यामुळे ज्याला संसदेत बहुमत नाही, त्याची खुर्ची पहिल्या दिवसापासूनच डगमगते.

मार्च २०१८ मध्ये त्याच भीतीने राष्ट्राध्यक्ष कुचिन्स्की यांनी राजीनामा दिला. काळजीपोटी सांगलीहून फोन आले. मी ऐटीत सांगितले, "इथे राष्ट्राध्यक्ष बदलतात, पैसा बदलत नाही. देश आपला आपण चालतो." दुसऱ्या दिवशी हेच वाक्य मी कासेरालाही ऐकवले. ती बटाटे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सोल चांगला आहे, कासेरिता. पण तो माझ्या दारात पाणी आणत नाही."

ती सान हुआन दे लुरिगांचो या भागात, उघड्याबोडक्या टेकडीवर राहते. तिथे नळ नाही. टँकर येतो आणि पिंपे भरून जातो. सखल भागातले आम्ही नळाच्या पाण्याला जो दर देतो, त्याच्या कित्येक पट ती देते. तिचे ते उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेले. त्याचा अर्थ कळायला २०२० साल उजाडावे लागले.

१६ मार्चपासून देश बंद झाला. पेरूची टाळेबंदी कडक होती. एप्रिलमध्ये काही दिवस पुरुषांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि बायकांनी मंगळवार, गुरुवार, शनिवार बाहेर पडावे असाही नियम झाला. बायकांच्या दिवशी मंडईत मुंगीला शिरायला जागा नसे. ज्या घरात शीतकपाट नाही, त्या घरातल्या बाईला बाजाराला रोजच यावे लागते. दहांपैकी सात कामकरी माणसे रोज कमावून रोज खाणारी, नोंदणी नसलेली. सरकारने ३८० सोलांची मदत जाहीर केली खरी. पण पुष्कळांची बँकेत खातीच नव्हती, म्हणून त्या मदतीसाठीही रांगा लागल्या. आजार त्या रांगांतून फिरला. शेकडो कुटुंबे मुलांना पाठीशी बांधून महामार्गाने आपापल्या गावी पायी निघाली. त्याच सुमारास भारतातूनही तशीच चित्रे येत होती. दूरचित्रवाणीवर रस्ता कोणत्या देशातला आहे, हे क्षणभर कळत नसे.

आमच्या घरीही ओढ लागली. सुताची जहाजे थांबली, यजमानांचा पगार दोन महिने आलाच नाही, आणि घरभाडे डॉलरमध्ये. एका गुरुवारी मी कासेराला सांगितले, की आज फक्त मसूर दे, भाजी नको. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि नेहमीची सगळी भाजी पिशवीत भरली. खालून एक वही काढून त्यात आकडा लिहिला. सात आठवडे ती वही भरत राहिली. तिच्या टेकडीवर पाण्याचे पिंप आठवड्यातून एकदा भरत होते, हे मला तेव्हा माहीत होते. तरी मी पिशवी घेतली.

ऑगस्टमध्ये तिचा गाळा बंद दिसला. तिचा नवरा आजारी पडला होता. रुग्णालयात खाट नव्हती. मुलगा प्राणवायूचे नळकांडे घेऊन दोन रात्री रांगेत उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याची गरज उरली नाही. पुढे जून २०२१ च्या सुमारास सरकारने मृतांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा सुमारे ६९,००० चा आकडा एकदम १,८०,००० वर गेला. सव्वातीन कोटींच्या देशात, लोकसंख्येच्या मानाने, जगातील सर्वांत जास्त. त्या सबंध वर्षात सोल मात्र फारसा ढळला नव्हता. मी फोनवर ऐटीत बोललेले वाक्य मला त्यानंतर कुणासमोर उच्चारवले नाही.

सप्टेंबरमध्ये मी वहीतले पैसे घेऊन पहिल्यांदाच तिच्या घरी गेले. टेकडी चढणारी तीनचाकी मोटोटॅक्सी बजाजची होती; आपल्याकडच्या रिक्षाची सख्खी बहीण. वर पोहोचले तर गल्लीतल्या बायका मोकळ्या जागेत मोठ्या पातेल्यात रांधत होत्या. याला 'ओया कोमून' म्हणतात, सर्वांची मिळून एक चूल. लिमाच्या बायकांना ही रीत नवी नाही. सामुदायिक भोजनगृहे त्यांनी सत्तरच्या दशकाअखेरपासून चालवली आहेत. मी हिशेबापेक्षा जास्त पैसे पुढे केले. तिने वही उघडली, नेमका आकडा मोजून घेतला आणि उरलेले परत दिले. मग पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "द्यायचेच असेल तर इथे दे. तुला बटाटा चालत नाही, कोंबडी चालत नाही. मग सोमवार तुझा."

पेरूत सोमवारी मसूर खाण्याची चाल आहे. त्याने आठवडाभर हाती पैसा खेळतो, अशी समजूत. आमच्या सांगलीकडे अख्ख्या मसुराचे कौतुक काय सांगावे! त्या सोमवारी मी जिरे, मिरची आणि टोमॅटो घालून पातेलेभर मसूर केला. कांदा-लसूण नाही. एकीने चव घेतली आणि हळूच विचारले, "बाईंना खर्चायला कमी पडले का?" कासेराने तिला दटावले, "तिच्या धर्मात असेच असते." सोमवारी त्या पातेल्यात मांस घालायचे नाही, हे मी न सुचवता त्या बायकांनीच ठरवले. सबंध परदेशवासात माझ्या नेमधर्माचा इतका मान कुणी राखला नव्हता.

त्या चुलीपाशी मी पेरूचे राजकारण शिकले. ९ नोव्हेंबर २०२० ला राष्ट्राध्यक्ष विस्कार्रा यांना संसदेने काढले. त्यांच्या जागी आलेले मेरिनो जेमतेम पाच दिवस टिकले, कारण तरुण रस्त्यावर उतरले आणि त्यांतले दोघे मारले गेले. मग सागास्ती आले. २०२१ मध्ये पेद्रो कास्तियो निवडून आले, डोंगरातल्या शाळेतले शिक्षक. कासेराने त्यांना मत दिले होते. "तो आमच्यासारखा बोलतो," एवढेच कारण तिने सांगितले. ७ डिसेंबर २०२२ रोजी त्यांनी संसद बरखास्त करू पाहिली आणि त्याच दिवशी ते अटकेत गेले. दक्षिणेकडचे प्रांत पेटले. १५ डिसेंबरला आयाकुचोत लष्कराच्या गोळीबारात दहा जण गेले. पुढच्या दोन-तीन महिन्यांत देशभर मृतांची संख्या पन्नासच्या घरात पोहोचली. त्या आठवड्यात डॉलरचा भाव जेमतेम हलला. कासेरा चुलीपाशी बसून गावातल्या माणसांना एकेक फोन लावत होती. आपल्या गावाचे नाव बातम्यांत येते ते माणसे मेली की मगच, असे ती म्हणाली. तिच्या मताला 'अडाणी' म्हणणारे लिमात पुष्कळ भेटतात. त्यांनी ते फोन ऐकलेले नाहीत.

सोल टिकला ही लहान गोष्ट नाही, असे मी अजूनही मानते. इंतीचे दिवस पाहिलेली कासेराही तसेच मानते. ज्याची मजुरी संध्याकाळपर्यंत विरघळते, तो गरीबच आधी मरतो. पण चलन राखणे सोपे म्हणावे, इतके नळ पोहोचवणे अवघड ठरले आहे. बँकेचे काम एका इमारतीतून करता येते. पाणी, दवाखाना आणि न्याय यांना टेकडी चढावी लागते, आणि वर्षा-दोन वर्षांत बदलणारे सरकार पायथ्याशीच दमते. उरलेली चढण कासेरासारख्या बायका आपल्या पाठीवर चढतात. आपण बाहेरून पाहणारे त्यालाच 'देश आपला आपण चालतो' म्हणतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये, १० तारखेला, बोलुआर्ते यांनाही संसदेने काढले. २०१६ पासून शपथ घेतलेले सातवे राष्ट्राध्यक्ष आले. अलीकडे खंडणीखोरांचा सुळसुळाट झाला आहे. बसचालकांपासून मंडईतल्या गाळ्यांपर्यंत चिठ्ठ्या येतात. कासेराला आली की नाही, हे ती सांगत नाही. मात्र गाळा आता लवकर बंद करते.

त्यानंतरच्या सोमवारी मी मसूर घेऊन वर गेले. कासेरा पातेल्याखाली लाकडे सारत होती.

"नवा राष्ट्राध्यक्ष कोण?" तिने विचारले. मी नाव सांगितले.

"डॉलर?"

"साडेतीनच्याही खाली."

"बरे आहे," ती म्हणाली, आणि रिकामे पिंप माझ्याकडे सरकवले. "हे दाराशी नेऊन ठेव. टँकर आज येणार म्हणतात."