गेलेला दिवा टाकू नका

प्रोजेक्टर घेऊन येणाऱ्यांची तक्रार साधारण एकच असते. मोटर फिरते, पंखा फिरतो, दिवा तेवढा लागत नाही. मी आधी विचारतो, जुना दिवा आणलाय का? बहुतेकांनी तो टाकून दिलेला असतो, आणि यंत्राची निम्मी हकीकत त्याच्याबरोबर कचऱ्यात गेलेली असते.

माझ्याकडे येतात ते घरगुती सिनेमाचे प्रोजेक्टर. कोडॅकने ८ मिलिमीटरची फिल्म १९३२ साली आणली, १९६५ साली सुपर ८ आली, आणि परदेशात नोकरी करून परतलेल्या मंडळींच्या सामानातून ही यंत्रं आपल्याकडच्या घरांत पोचली. त्यांत व्हिएन्नाच्या युमिगची पुष्कळ. त्यांतल्या अनेकांना १२ व्होल्ट, १०० वॅटचा हॅलोजन दिवा लागतो. मध्ये छोटी नळी आणि तिच्याभोवती चकचकीत वाटी. ही वाटी उजेड पुढे फेकते आणि बरीचशी उष्णता मागे जाऊ देते. सुपर ८ची एक फ्रेम रुंदीला सहा मिलिमीटरही भरत नाही. तेवढ्याशा खिडकीतून सारा उजेड काढायचा असतो.

उडालेला दिवा खिडकीशी धरून भिंगातून पाहावा. काच नितळ आणि तार एकाच जागी तुटलेली असेल, तर दिवा आपलं आयुष्य पुरं करून गेला असं समजायला हरकत नाही. आत पांढरट-पिवळट पूड दिसली तर सील फुटून हवा शिरली. नळीवर बाहेरून दुधाळ डाग असेल तर कुणीतरी ती उघड्या बोटांनी धरली होती. घामातलं मीठ तापलेल्या क्वार्ट्‌झला खातं. नवा दिवा म्हणूनच त्याच्या वेष्टनात धरूनच बसवावा, आणि बोट लागलंच तर स्पिरिटने पुसावा. पण मी सगळ्यांत जास्त वेळ पिना पाहतो. त्या काळ्या-निळ्या पडून खड्डे पडलेले असतील, तर दिव्याला बोल लावण्यात अर्थ नाही. दोष होल्डरचा आहे.

मागे एक मुलगी आजोबांचा प्रोजेक्टर घेऊन आली होती. म्हणाली, "काका, दिवा नवा कोरा आहे, मीटरवर बीपही येतो. होल्डरला बाराच्या बारा व्होल्ट मिळतात. तरी नुसता तांबूस होतो." तपासणी तिने नीट केली होती. मी दिवा लावून, तो जळत असतानाच होल्डरच्या मागच्या वायरींवर मीटर धरला: बाराच्या जवळपास. मग थेट दिव्याच्या पिनांवर धरला: नऊसुद्धा नाहीत.

"मग मधले कुठे गेले?"

होल्डरमध्येच. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून रिकाम्या होल्डरवर लूज कॉन्टॅक्टसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. हा दिवा मात्र ८ अँपियरच्या वर ओढतो. एवढ्या करंटला एक दशांश ओहमचा अडथळाही त्या चिमुकल्या पितळी पकडीत सात वॅट उष्णता करतो. उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, आणखी तापते. ती धग पिनांवाटे दिव्याच्या सीलपर्यंत चढते. तिथली मॉलिब्डेनमची पातळ पट्टी साडेतीनशे अंशांच्या पुढे गंजू लागते आणि शेवटी सील तडकतं. अशा होल्डरमध्ये दिव्यामागून दिवे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. दिवा कंपनीचा नाही, डुप्लिकेट आहे, असं म्हणत ती दुकानं बदलत राहतात, आणि जुन्या यंत्रांचे दिवे आता सहजी मिळतही नाहीत.

होल्डरला पॉलिश पेपर मारून तात्पुरतं काम भागतं, पण गेलेला ताण परत येत नाही. मी चिनी मातीचा नवा होल्डर घालतो. त्याच्या वायरींवर काचधाग्याची स्लीव्ह चढवतो आणि जोड थिंबल दाबूनच करतो. शिसं-कथलाचं साधं सोल्डर १८३ अंशांना नरम पडतं, त्यामुळे दिव्यालगत त्याचा भरवसा नाही.

तिच्या यंत्राचा व्होल्टेजचा खटका २२० वर होता. आपल्याकडचा पुरवठा २३० धरलेला, आणि कित्येक घरांत त्याहून चढाच. हॅलोजनला ५ टक्के व्होल्टेज जास्त मिळालं तर त्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. खटका २४० वर केला तर उजेड किंचित उतरतो. घरातल्या चार फुटी पडद्यावर तो कुणाला जाणवत नाही. एलईडी बसवून द्या म्हणणारेही येतात. दिवा मिळेनासाच झाला तर मीही बसवीन, पण मिळतोय तोवर नाही. त्या फिल्मचे रंग याच उजेडासाठी केले होते, आणि स्वस्तातला एलईडी शटरच्या पात्याशी जुळला नाही तर पडदाभर लुकलुक होते.

नव्या दिव्यावर यंत्र आधी रिकामं चालवायचं, चांगलं तापू द्यायचं आणि पिनांवरचे व्होल्ट पुन्हा मोजायचे. आकडा उतरला नाही तरच रीळ चढवायचं. घरगुती फिल्म बहुतेक रिव्हर्सल असते: कॅमेऱ्यातून गेली तीच धुऊन पडद्यावर येते, मागे निगेटिव्ह नसते. जळाली की संपली. मुलीला त्याच संध्याकाळी आजीला फिल्म दाखवायची होती. मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.