एकाकी पर्वतसिंह

अमेरिकेतील पर्वतसिंहास सिंह म्हणावयाचे ते केवळ नावापुरते. त्यास ना आयाळ, ना गर्जना; घरच्या मांजराप्रमाणे तो घुरघुरतो! मागचे पाय पुढच्यांहून लांब, म्हणून झेप मात्र विलक्षण. दबा धरून तो हरिण मारतो आणि उरलेली शिकार पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो. दीड-दोन वर्षांचा झाला, की नर आईला सोडून स्वतःचे रान शोधू लागतो.

असाच एक तरुण नर सांता मोनिकाच्या डोंगरांतून निघाला. वाटेत अहोरात्र मोटारींनी वाहणारे दोन महामार्ग. ते त्याने जिवंतपणी ओलांडले, हेच आश्चर्य! २०१२ साली तो लॉस एंजेलिस शहरातील ग्रिफिथ उद्यानात आढळला. संशोधकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्यास ‘पी-२२’ हे नाव दिले. नरास एरवी शेकडो चौरस किलोमीटर रान लागते. यास मिळाले जेमतेम वीसेक. हरणे होती, पाणी होते. परंतु मादी एकही नव्हती. तेथे त्याने दहा वर्षे काढली. डिसेंबर २०२२ मध्ये, मोटारीच्या धडकेने व व्याधींनी जर्जर झालेल्या त्या प्राण्यास पशुवैद्यांनी शांत मरण दिले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्यांपैकी एका महामार्गावर, शहराच्या पश्चिमेस, वन्य प्राण्यांकरिता पूल बांधण्यास आरंभ झाला होता.