कर्णावरची हरकत

संगणकाच्या स्मृतीशी थेट व्यवहार करू देणाऱ्या भाषांपैकी सी ही माझी अर्ध्या हयातीची सोबतीण. त्यामुळे २०१५ साली जिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली ती रस्ट भाषा शिकावयास बसलो तेव्हा, तीन ओळी आणि तीन रकाने यांच्या चिमुकल्या मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज करावा, म्हणजे ओळींचे रकाने आणि रकान्यांच्या ओळी कराव्यात, हे प्रारंभीच्या पाठातले उदाहरण मला अंमळ पोरकटच वाटले.

नवी मॅट्रिक्स निर्माण करून तीत एकेक अंक उलट्या पत्त्यावर नेऊन ठेवणे, हा मार्ग तर निर्वेधच निघाला. बत्तीस बिटांचे नऊ पूर्णांक म्हणजे अवघे ३६ बाइट. फंक्शनला मॅट्रिक्स दिली की तिची नक्कलच आत जाते आणि मूळ दप्तर अबाधित राहते. सीमध्ये मात्र केवळ पत्ता जातो आणि आत केलेली खाडाखोड मूळ प्रतीवरच उमटते, हे इतकी वर्षे अंगवळणी पडलेले असल्यामुळे जागच्या जागी अदलाबदल केल्यावाचून माझे समाधान होईना. कर्णाच्या वरचा प्रत्येक अंक कर्णाखालच्या त्याच्या जोडीदाराशी बदलावयाचा आणि कर्णावरच्या तिघांना हात लावावयाचा नाही. तीन अदलाबदलींत काम फत्ते. (नवशिक्याने एकदा नऊही जागांवर फेरी मारून पाहावी, प्रत्येक जोडी दोनदा बदलते आणि सारे मूळपदावर येते.)

स्वॅप या तयार फंक्शनच्या हाती मी दोन्ही जागा बदलण्याचे अधिकार एकदम दिले, आणि कंपायलरने ई०४९९ या क्रमांकाची हरकत नोंदवून अर्ज फेटाळला: एकाच मॅट्रिक्सवर एकाच वेळी दुरुस्तीचे दोन हक्क मिळणार नाहीत. एकच जमीन दोघांच्या नावे चढविण्यास नकार देणाऱ्या मामलेदार कचेरीतल्या कारकुनाचा हा खाक्या मला प्रथम निष्कारण जाचक वाटला खरा. परंतु विचारांती त्याची शंका निराधार नाही असे दिसले. ओळ व रकाना यांचे क्रमांक प्रोग्राम चालताना ठरणार. ते समान आले की, म्हणजे नेमके कर्णावर, ज्या दोन जागा मी भिन्न म्हणून सांगत होतो त्या वस्तुतः एकच असतात! माझी फेरी कर्णाच्या पलीकडूनच सुरू होते हे मला ठाऊक. क्रमांकांच्या मूल्यांवरून तसा निष्कर्ष काढण्याच्या फंदात कंपायलर पडत नाही.

एक अंक तात्पुरता बाजूस ठेवून सुटका सहज होते, आणि घाईच्या कामात मीही तेच करीन. तथापि मला अधिक भावला तो दुसरा मार्ग. स्प्लिट-ॲट-म्यूट हे फंक्शन मॅट्रिक्सचे ओळींच्या सीमेवर दोन तुकडे पाडते. मग एक हक्क वरच्या तुकड्यावर व दुसरा खालच्यावर मागितला की हरकत आपोआप मिटते, कारण त्या दोन जागा एक असण्याचा संभवच उरत नाही. मात्र खालच्या तुकड्यात ओळींचे क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतात, याचे भान ठेवावे लागते. अर्थात ही सारी तजवीज चौरस मॅट्रिक्सपुरतीच. दोन ओळी व तीन रकाने असतील तर ट्रान्सपोज तीन ओळींचा होणार, आणि रस्टमध्ये लांबी हा प्रकाराचाच अंश असल्यामुळे तो मूळ चलात मावत नाही. तेथे निमूटपणे नवी मॅट्रिक्स घेणे आले.