पाण्यावरच्या फळ्या

मंगळवेढ्याच्या माणसाने पाण्यावर उभे राहण्याच्या गोष्टी करू नयेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. आमचे गाव ज्वारीचे. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती येते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. दामाजीपंतांचे नाव अजून घरोघर निघते, तेही दुष्काळामुळेच. उत्तरेला भीमा वाहते खरी. पण तालुक्याच्या दक्षिणेकडील गावांनी नदीपेक्षा टँकरचीच वाट अधिक पाहिली आहे.

त्या दक्षिणेकडचा एक मुलगा माझ्या सातवीच्या वर्गात होता. आईबाप ऊसतोडीला, हा इथे आत्याकडे. वर्गात तो फारसा बोलत नसे. एकदा मी राल्फ सॅम्युएलसनची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मिसिसिपी नदी एके ठिकाणी रुंदावून तिचे पेपिन सरोवर होते. तिथे १९२२ साली या अठरा वर्षांच्या पोराने पाण्यावरून घसरत जाण्याचा ध्यास घेतला. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या पट्ट्या, सगळे बुडाले. शेवटी त्याने आठ फूट लांब, नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात त्यांची टोके उकळली आणि वर वाकवली. टोके पाण्याबाहेर राहिली तेव्हा कुठे तो उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी पोरगा दारात हजर. "गुर्जी, लाकूड उकळल्यावर खरंच वाकतं?"

आता याला काय सांगावे? आम्ही दोघे सुताराकडे गेलो. त्याने इंजिनाच्या देवदारी खोक्याच्या दोन फळ्या काढून दिल्या आणि रंधा मारून टोकाकडे पातळ केल्या. हंडा मात्र आमच्या घरचा! (त्यावर झालेले संभाषण इथे देत नाही.) तासभर उकळलेली पहिली फळी वाकवताना नेमकी गाठीवर तडकली. पोराचे तोंड उतरले. सुतार म्हणाला, "मास्तर, वाकवायला सरळ रेषेचंच लाकूड लागतं, गाठीचं न्हाई." तिसरी फळी त्याने उन्हात धरून, निरखून निवडली. वाकलेली टोके दोन दगडांत अडकवून, सुतळीने आवळून आठ दिवस सावलीत ठेवली. अळशीचे तेल पाजले, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे पायांसाठी ठोकले.

पावसाळा सरल्यावर माचणूरला सिद्धेश्वराच्या घाटावर गेलो. पोराला पोहता येत नव्हते. पोहायचे कुठे? त्याच्या गावच्या विहिरीला बादलीच जेमतेम बुडेल एवढे पाणी! म्हणून कमरेला दोर बांधला आणि दोराचे टोक नावाड्याच्या हाती दिले. अशा फळ्या माणसाला तोलतात त्या वेगाच्या जोरावर. मोटारबोट थांबली की माणूस खाली. वल्ह्याने तो वेग कुठला यायचा! पोरगा उभा राहिला की बुडे. चारपाचदा नाकातोंडात पाणी गेले. मी "पुरे" म्हणणार, एवढ्यात तो दोन्ही फळ्या छातीखाली घेऊन पालथा पडला आणि पाय मारू लागला. तरंगला! तासाभराने नावाड्याने दोर सैल सोडला, तेही त्याला कळले नाही.

बाहेर येऊन तो बराच वेळ नदीकडे बघत बसला. मग म्हणाला, "गुर्जी, हितनं आमचं गाव किती लांब?"

मी मैल सांगितले. त्याने बोटांवर काहीतरी मोजले.

गेल्या उन्हाळ्यात त्याच्या गावी गेलो होतो. त्या फळ्या ओसरीवर भिंतीत ठोकल्या आहेत. त्यांवर टँकरच्या पाण्याच्या घागरी ओळीने मांडलेल्या. टोक वर वळलेले असल्याने कडेची घागर घरंगळत नाही, असे त्याची आजी म्हणाली.