४१४ क्रमांकाची खोली

टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरी जाणारे प्रवासी बहुधा अलामो पाहून आणि नदीकाठी फेरफटका मारून संतुष्ट होतात. आमची पावले मात्र ह्यूस्टन रस्त्यावरील गंटर हॉटेलकडे वळली. १९०९ साली उघडलेल्या या हॉटेलच्या ४१४ क्रमांकाच्या खोलीत नोव्हेंबर १९३६ मध्ये मिसिसिपीचा कृष्णवर्णीय गायक रॉबर्ट जॉन्सन गिटार घेऊन बसला होता. मुक्कामासाठी त्या काळी त्याला इथे कोणी जागा दिली नसती. ध्वनिमुद्रणासाठी तेवढी मिळाली! हॉटेलच्या खोलीत गाणी मुद्रित करण्याची ही रीत आपल्यालाही परकी नाही. १९०२ साली गैसबर्ग यांनी कलकत्त्यात तेच केले होते.

त्या काळी ध्वनिमुद्रणात कापाकाप, जोडाजोड शक्य नव्हती. एखादी तबकडी बिघडली तर हाताशी दुसरी असावी, म्हणून गायकाकडून तेच गाणे पुन्हा गाऊन घेत. लेबलावरून या दोन गायनांतला भेद कळत नाही. त्यासाठी तबकडी उजेडात तिरपी धरून लेबल आणि शेवटची खाच यांमधला गुळगुळीत पट्टा न्याहाळावा लागतो. २७ नोव्हेंबरला गायिलेल्या ‘क्रॉस रोड ब्लूज’चा मूळ क्रमांक एसए २६२९. ‘एसए’ म्हणजे सॅन अँटोनिओ. त्यापुढचा १ किंवा २ हा अंक गायन कितवे ते सांगतो. अंक पुसट असला तर कानांवर भिस्त ठेवावी: दुसरे गायन संथ आहे आणि त्यात शेवटचे कडवे नाही.

आपल्याकडे माळ्यावरच्या पेटीत एकाच नाट्यपदाच्या दोन तबकड्या निघाल्या, की एक ‘जास्तीची’ म्हणून जुन्या बाजारात जाते. तिच्यावरचा तो बारीक अंक कोण वाचतो?

१९३७ साली विक्रीस आलेल्या तबकडीवर जॉन्सनचे पहिले गायन होते. १९६१ च्या एलपीवर दुसरे घेतले गेले. तेव्हा या गाण्याविषयी हिरिरीने बोलणारे दोन रसिक प्रत्यक्षात निरनिराळी गायने ऐकून बोलत असण्याचा पुरेपूर संभव होता. दोन्ही एकत्र ऐकण्याची सोय १९९० च्या संचाने केली. जॉन्सन १९३८ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याची गाणी २९, आणि आज उपलब्ध असलेली मुद्रणे ४२. ही वरची तेरा म्हणजे कोणीतरी ‘जास्तीची’ म्हणून फेकून न दिलेली गायने.