बिनकुलपाची कोठडी

मैत्रिणींनो, या पानांवर एरवी आपण लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, असल्या गोष्टी बोलतो. आज मी तुम्हाला एक कादंबरी सुचवणार आहे. आणि तीही कसली, तर काळोख्या किल्ल्याची, घुबडांची, खुनांची! धाकट्या जावेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो ताई, तुम्ही आणि असलं वाचता?" वाचते खरी. तीन महिने रोज दुपारी, मागचं आवरून झालं की खिडकीशी बसून वाचली.

कैदेतला राजपुत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पहिले शाहूराजे येतात. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचं ते पोर येसूबाईंबरोबर मोगलांच्या छावणीत गेलं आणि सुटलं ते १७०७ साली. येसूबाई तर त्यानंतरही बारा वर्षं अडकलेल्या. पण ती कैद शत्रूची होती. पहारे होते, तंबू होते, कोण आपलं नि कोण परकं ते ठाऊक होतं. मी सांगतेय त्या पुस्तकातल्या वारसाला शत्रू कोणी नाही. दारावर कुलूप नाही. त्याला अडकवून ठेवणारी सगळी त्याच्या घरचीच माणसं आहेत, आणि त्यातली काही त्याच्यावर जीव टाकणारी आहेत.

पुस्तक इंग्रजी आहे. मर्विन पीक नावाच्या लेखकाचं. पहिला भाग 'टायटस ग्रोन' १९४६ साली आला, दुसरा 'गॉर्मेनघास्ट' १९५० साली. गॉर्मेनघास्ट हे त्या किल्ल्याचं नाव. किल्ला कसला, दगडांचं गावच ते! कित्येक दालनांत वर्षानुवर्षं माणूस फिरकलेला नाही. तिथला धनी अर्ल, म्हणजे आपल्याकडच्या संस्थानिकासारखा समजा. पुस्तक उघडतं त्या दिवशी त्याला मुलगा होतो, टायटस. हा घराण्याचा सत्त्याहत्तरावा वारस. गंमत म्हणजे पहिल्या भागाचा हा नायक शेवटच्या पानापर्यंत दीडेक वर्षाचाच असतो. सगळं घडतं ते त्याच्या पाळण्याभोवती.

आणि त्या घरातले विधी काय सांगू! बापाच्या न्याहारीला रोज एक म्हातारा ग्रंथपाल पोथ्या घेऊन हजर. एका पोथीत त्या दिवशी धन्यानं कितव्या तासाला कुठे जायचं, कुठल्या वाटेनं जायचं, काय नेसायचं ते सगळं लिहिलेलं. दुसरी पोथी कोरी, तिचा नुसता मान. आणि तिसरीत, धनी काही इंचांनी बुटका असता तर हेच विधी कसे बदलले असते त्याचा तपशील! मी हसले, आणि मग मला आमच्या सासूबाईंची वही आठवली. बोडणाला कुठलं तांब्याचं, कुठलं पितळेचं. देवदिवाळीला वड्यात मेथी घालायची की नाही. वडसावित्रीला कोणत्या घरचा आंबा चालत नाही. का चालत नाही ते वहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही, आणि पुढे मीच त्या वहीत दोन ओळींची भर घातली. ती पानं सासूबाईंच्या अक्षरातली नाहीत, माझ्या अक्षरातली आहेत.

स्वयंपाकघराचं प्रकरण मात्र प्रत्येकीनं वाचावं. त्या प्रचंड मुदपाकखान्यात अठरा माणसं केवळ भिंती आणि छत घासायला ठेवलेली. घासून घासून त्यांचे चेहरेच दगडाच्या फरशीसारखे झालेत. आवाजानं कानही गेलेत. हे काम बापाकडून मुलाकडे येतं. मुलगा वयात आला की एके दिवशी त्याला उमगतं, आपल्याही हाती हाच ब्रश आहे. लेखकानं हे दोन-चार ओळींत उरकलंय. मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

त्याचं कारण सांगते. आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, सुंठ, वावडिंग. आमच्या ह्यांची ही तिसरी पिढी, आणि मुलगा एकच. त्याच्या पहिल्या दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर, तराजूच्या मोठ्या पारड्यात लाल कापड घालून त्याला बसवला होता. 'चौथा धनी आला' म्हणून सगळ्यांनी कुंकू लावलं. पोरगं असं काही किंचाळलं की पारडं कलंडलं आणि ते हळदीकुंकवाच्या तबकावर पडलं. पुढे कितीतरी वर्षं ही हकीकत मी हळदीकुंकवाला हसत हसत सांगत असे. आता पुस्तकात काय असावं? टायटसच्या बारशाला त्याला विधींच्या जाड ग्रंथाच्या पानांत ठेवतात, आणि ते बाळ त्यातून घरंगळून खाली पडतं, जाताना पान फाडून! हे वाचल्यावर ती पारड्याची गोष्ट मला सांगवेनाशी झाली.

टायटसच्या आईविषयी तुम्ही काय म्हणाल कोण जाणे. धिप्पाड बाई. पायाशी पांढऱ्या मांजरांचा लोट, केसांत आणि खांद्यांवर पाखरं. बाळंतपण झालं, मुलगा एकदा पाहिला आणि दाईला सांगितलं की घेऊन जा, सहा वर्षांचा झाला की दाखव. वाचताना मी चांगलीच चिडले. बाळाला पाजायला किल्ल्याबाहेरच्या वस्तीतली केडा येते. तिचं स्वतःचं मूल नुकतंच गेलेलं. बाळाला नुसतं न्हाऊमाखू घालणाऱ्या म्हाताऱ्या नॅनी स्लॅगची तर दया येते. तिचा जीव केवढा, आणि तिचं चालतं किती थोडं! पण ही आईसुद्धा पुढे काय करते ते बघाल तर तुमचं मत बदलेल. माझं बदललं. ती मायाळू झाली म्हणून नव्हे, ती होत नाहीच. संकट ओळखायची बुद्धी त्या घरात तिलाच आहे, म्हणून.

संकटाचं नाव स्टिअरपाइक. मुदपाकखान्यातून पळालेला सतरा वर्षांचा पोरगा, हुशार, गोड बोलणारा, आणि आतून बर्फ. तो किल्ल्याच्या छपरावरून चढत चढत टायटसच्या बहिणीच्या, फ्यूशियाच्या, माळ्यावर उतरतो. ही फ्यूशिया माझी फार लाडकी. पंधरा वर्षांची, भडक झगा, विस्कटलेले केस, कोणी दोन शब्द प्रेमानं बोलावं म्हणून आसुसलेली. ज्यांच्या घरी या वयाच्या मुली आहेत त्यांनी तिच्यासाठी तरी पुस्तक वाचावंच. स्टिअरपाइक पुढे काय काय करतो ते सांगत नाही. जळणाऱ्या ग्रंथालयाचा प्रसंग मात्र रात्री वाचू नका. मी वाचला, आणि ह्यांना उठवून दारं लावलीत ना म्हणून विचारलं.

दुसऱ्या भागात टायटस सात वर्षांचा असतो, आणि तिथून सतरापर्यंत वाढतो. शाळेच्या खिडकीतून बाहेर बघणारं पोर ते. एक दिवस घोडा घेऊन निघून जातो, रानात हरवतो, परत येतो. शिक्षा म्हणून त्याला एका जुन्या बुरुजवजा कोठडीत डांबतात. एवढ्या मोठ्या पुस्तकात खरं कुलूप त्याला बहुधा इथेच भेटतं. आणि मग तिथे कोण येतं? शाळेचे थकलेले, काहीसे हास्यास्पद मुख्याध्यापक बेलग्रोव्ह. ते उपदेश करायला आलेले नसतात. काय बोलावं तेच त्यांना सुचत नाही. शेवटी ते आणि टायटस जमिनीवर गुडघे टेकून गोट्या खेळतात. किल्ल्याचे डॉक्टर येतात, तेही खेळात सामील. मोठी दोन माणसं आणि कैदेतलं एक पोर.

आमचा मुलगा सतरा वर्षांचा असताना असाच न सांगता दोन दिवस निघून गेला होता. कोल्हापूरला मित्राकडे सापडला. परत आणल्यावर ह्यांनी काही शिक्षा केली नाही. शिक्षा मी सुचवली. सायकलची किल्ली काढून घ्या आणि सुट्टीभर दुकानात बसवा, हे शब्द माझे. तो बसला. एक शब्द बोलला नाही. दीड महिना तो खाली पुड्या बांधत होता आणि मी वर आमरस करत होते. जिना उतरून त्याच्याजवळ नुसतं जाऊन बसावं, हे काही मला सुचलं नाही. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. ते रोज चार वाजता 'पावशेर बडीशेप' म्हणून येत आणि तासभर त्याच्याशी बुद्धिबळ खेळत. एवढ्या बडीशेपेचं मास्तर करतात काय, असं मी तेव्हा वैतागून म्हणायची.

तो आता बंगळूरला असतो, ध्वनिमुद्रणाचं काम करतो. ही दोन्ही पुस्तकं त्याचीच. माळा झाडताना जुन्या वह्यांत सापडली, समासात पेन्सिलीच्या खुणांसकट. रद्दीत घालण्याआधी चाळावीत म्हणून उघडली होती.

लेखकाचंही थोडं सांगते. पीक यांचा जन्म १९११ साली चीनमधला. वडील मिशनरी डॉक्टर, त्यामुळे बालपण गेलं तिएन्त्सिनला, मिशनच्या आवारात. हा माणूस मूळचा चित्रकार, आणि पुस्तकातली माणसं आधी चितारलेली वाटतात ती उगीच नव्हे. पहिला मुलगा झाला १९४० साली. त्याच वर्षी सैन्यात बोलावणं आलं, आणि छावणीतल्या वह्यांमध्ये टायटसची कथा सुरू झाली. १९४५ साली युद्ध संपल्यावर चित्रं काढायला त्यांना जर्मनीला धाडलं. बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मरणपंथाला लागलेल्या माणसांची चित्रं त्यांनी काढली, आणि आपण त्यांचं मरण कागदावर उतरवतोय याची टोचणी त्यांना लागली. पुढे दुखण्यानं हात आणि बुद्धी दोन्ही हळूहळू गेली. १९६८ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, ते वारले. तिसरा भाग 'टायटस अलोन' १९५९ साली आला. तो आजारपणाच्या काळातला, आणि मला विसकळीत वाटला. पहिले दोन वाचून थांबलात तरी चालेल.

आता काही व्यवहाराच्या सूचना. इंग्रजी अवघड आहे. वाक्यं लांबलचक, शब्द आडवळणी. पहिली शंभर पानं नेट धरा. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नका, कीर्तनातला संस्कृत श्लोक ऐकतो तसं पुढे जाऊ द्या. नावं चमत्कारिक आहेत, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोण कोणाचं कोण ते लिहून पुस्तकात ठेवलं होतं. भुतंखेतं, जादूटोणा यात नाही. अद्भुत आहे तो किल्लाच. घरात नुकतंच मरण झालं असेल तर इतक्यात हातात घेऊ नका. २००० साली बीबीसीनं यावर चार भागांची मालिका केली होती, दिसायला देखणी. पण आधी पुस्तकच वाचा. नाहीतर फ्यूशिया तुमची राहणार नाही, त्या नटीची होईल.

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला. पुस्तक वाचतेय असं मी आधी सांगितलं होतं, पण तो त्यावर काही बोलला नव्हता. या वेळी त्यानंच विचारलं, "आई, गोट्यांपर्यंत पोचलीस का ग?"

म्हटलं, "पोचले. परवाच."

बराच वेळ तोही काही बोलला नाही, मीही नाही. मग म्हणाला, "चार वाजता दुकानात हल्ली कोण असतं बाबांजवळ?"